हजेरीपटावर असलेला माझा मुलगा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला राहते. अडीच एकर कोरडवाहू कापूस आणि दोन म्हशी एवढा आमचा संसार. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. समितीत निम्म्या बाया हव्यात असा कायदा, म्हणून माझं नाव लागलं.

माझा थोरला 11 वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी तिसरीत असताना त्याला आळंदीला एका वारकरी संस्थेत ठेवला. घरात माळ आहे, सासरे मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी जायचे. त्यामुळे गावाने म्हटलं, पोरगं देवाला वाहिलं. माझ्या मनात तसं काही नव्हतं, साहेब. शाळेत पाच वर्ग आणि शिक्षक एक. मतदारयादी त्यांच्याकडे, खिचडीचा हिशेब त्यांच्याकडे, ऑनलाइन माहिती त्यांच्याकडे. गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले की पोरं खिचडी खाऊन घरी. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत असं कायद्यात लिहिलंय. मी समितीत आल्यापासून चार वेळा ही मागणी प्रोसिडिंगला लिहून घेतली. वेचणीच्या दिवसांत मी अंधारात शेतात जाते, पोरगं दिवसभर उन्हात भटकायचं. आळंदीला दोन वेळचं जेवण होतं आणि पहाटे उठवून समोर बसवणारं माणूस होतं. एवढ्यावर मी त्याला पाठवला.

माझ्या बांधाची शेजारीण तडवी समाजातली. तिचा मुलगा मदरशात आहे. मागच्या हंगामात एका शेतात दोघी कापूस वेचत होतो, तेव्हा बोलणं निघालं. तिचं कारण आणि माझं कारण एकच निघालं, शब्दसुद्धा तेच.

या दिवाळीला मुलगा आला. संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने मृदंगाच्या धुमेला कणीक लावली, बोटाने दाबून दाबून सारखी केली, आणि हरिपाठ लावला. सगळे अभंग तोंडपाठ, एक शब्द अडला नाही. सासऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, माझ्याही. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने दारात काटा लावला. कापूस भरला 4 क्विंटल 35 किलो. मी म्हटलं, बाळा, पैसे किती होतात बघ. त्याने कागद घेतला, आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी व्यापाऱ्याच्या माणसाने मोबाइलवर आकडा दाखवला आणि आम्ही मान हलवली. शेजारणीचा मुलगा 13 वर्षांचा आहे, कुराण अस्खलित वाचतो. चोपड्याच्या स्टँडवर एसटीची पाटी मात्र दुसऱ्याकडून वाचून घेतो.

मुलगा तिथे जे शिकला ते मला हलकं वाटत नाही. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, चार वर्षांचा रीतसर अभ्यास लावला, ते मोठंच काम आहे. पण लेकराने अभंग घ्यावा की भागाकार, ही वेळ आईवर का यावी? साने गुरुजी आमच्याच जिल्ह्यात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 शिकवत होते. वसतिगृहात मुलांची अंथरुणं घालायचे, वर्गात धडे शिकवायचे. त्याच माणसाने 1947 साली पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको, ही घटनेतली अट मला मान्य आहे. शाळेने शिकवावं, संध्याकाळी देवळात हरिपाठ व्हावा, मशिदीत कुराण व्हावं. आमच्या सासऱ्यांच्या पिढीला हे दोन्ही गावातच मिळालं.

2012 च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धर्माचं शिक्षण देणाऱ्या संस्था शिक्षण हक्क कायद्यातून वगळल्या. पण घटनेने 6 ते 14 वयाचा हक्क मुलाला दिलाय, संस्थेला नाही. संस्था वगळली तर त्या मुलाचा हक्क कोणी पाहायचा? 2015 मध्ये गणित, विज्ञान न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरायचं ठरलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. आम्हा आयांना कोणी काही विचारलं नाही. मदरशात हे विषय शिकवणाऱ्या डी.एड. शिक्षकाचं मानधन शासनाने 2024 मध्ये 6 हजारांवरून 16 हजार केलं. चांगलं केलं. तसा एक शिक्षक माझा मुलगा राहतो तिथेही द्या. अशा प्रत्येक निवासी संस्थेची नोंद करा, आत किती मुलं आहेत, कुठल्या गावची आहेत, कोणत्या शाळेत जातात, हे वर्षातून दोनदा जाऊन मोजा.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. माझ्या मुलाचं नाव अजून आमच्या शाळेच्या हजेरीपटावर आहे. गावातल्या आणखी दोघांचंही आहे. पट 21 दिसतो, बसणारी मुलं 18. कागदावर माझीही सही आहे. 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळेत, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून केलेल्या एका मोठ्या शाळेत, घ्यायची गोष्ट निघाली, आमच्याच खान्देशातल्या तोरणमाळचा दाखला देऊन. तेव्हापासून 20 या आकड्याची गावाला धास्ती आहे. शिक्षक नाही म्हणून मुलं बाहेर गेली, मुलं गेली म्हणून पट घसरला, आणि पट घसरला म्हणून शाळा जाईल. मुलगे आळंदीला जातील, मदरशात जातील. मुलींना कोणी कुठे पाठवणार नाही.

माझी मुलगी तिसरीत आहे. भावाची पेटी भरताना ती दाराशी उभी होती. म्हणाली, "माय, माले आठलीच शाळामा जानं शे." म्हणजे, मला इथल्याच शाळेत जायचंय.

येत्या जूनमध्ये मी त्या कागदावर सही करणार नाही. गुरुजींना तसं सांगितलं आहे, ते काही बोलले नाहीत. पट 18 लागेल. त्याच्या आधी, साहेब, कायद्याने ठरलेला दुसरा शिक्षक आमच्या शाळेला द्या. तो रुजू झाला त्या दिवशी मी आळंदीला जाऊन मुलाला घेऊन येते. मृदंग त्याचा घरी वाजेल.

आपली विश्वासू,
एक आई,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
ता. चोपडा, जि. जळगाव