औषध एकच, घरात रुग्ण दोन

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

माझी नात साडेसात वर्षांची, दुसरीत आहे. दसऱ्याला घातलेलं परकर-पोलकं दिवाळीत काढलं, तर छातीशी बसेना. "आजी, इथे दुखतं," म्हणाली. हात लावला तर सुपारीएवढी गाठ. शेजारणी म्हणाल्या, हल्लीच्या मुली लवकरच मोठ्या होतात. हॉर्मोनच्या डॉक्टरांनी डाव्या हाताचा एक्स-रे काढला, तर हाडांचं वय साडेदहा! मुलीला आठाच्या आत किंवा मुलाला नवाच्या आत वयात येण्याची अशी लक्षणं दिसली तर थांबू नये, असं ते म्हणाले. हाडं लवकर पिकली की उंचीही लवकर थांबते. आज वर्गात सगळ्यांत उंच असलेली पोर पुढे ठेंगणी राहू शकते. मेंदूच्या एमआरआयमध्ये काही निघालं नाही. हे वयात येणं रोखायला दर 28 दिवसांनी ल्युप्रोलाइड या औषधाचं इंजेक्शन द्यायचं ठरलं.

सून चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेली. काउंटरवरचा माणूस चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "ये तो प्रोस्टेट कैंसर का है, बच्ची को क्यों?" ती रडतच घरी आली. माझे मोठे दीर 76 वर्षांचे, त्यांना तोच, पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा, कॅन्सर आहे. त्यांची फाइल काढून नाव ताडून पाहिलं आणि मीही हबकले. औषध तेच, फक्त तीन महिन्यांचा डोस. या घोळात नातीचं पहिलं इंजेक्शन तीन आठवडे लांबलं, याची मला अजून चुटपुट आहे.

डॉक्टरांनी मग कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूतून त्याच्याच तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला तास-दीड तासाने एक निरोप जातो. तो थांबून थांबून आला तरच ती ग्रंथी पुढच्या ग्रंथींना, म्हणजे मुलीत बीजांडकोशांना आणि पुरुषात वृषणांना, कामाला लावते. मी 31 वर्षं शाळेत शिकवलं, मला लगेच उमगलं: घंटा तासातासाला झाली तर वर्ग हलतात, दिवसभर वाजत राहिली तर कोणी मान वर करत नाही. हे इंजेक्शन म्हणजे न थांबणारा निरोप. ग्रंथी आधी जास्त काम करते, मग बहिरी होते. मुलीत इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन थांबतं, पुरुषात टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हॉर्मोन, ज्यावर प्रोस्टेटचा कॅन्सर पोसतो. एंडोमेट्रिओसिसमध्येही, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजारात, हीच औषधं देतात. हा निरोप शोधणाऱ्या शॅली आणि गिलेमिन यांना 1977 चं नोबेल मिळालं होतं.

सुरुवातीच्या त्या उसळीबद्दल मात्र घरच्यांना आधीच सांगायला हवं. म्हणूनच दिरांना आधी टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या दिल्या होत्या. नातीला बाराव्या दिवशी थोडं रक्त दिसलं. डॉक्टरांनी बजावलं नसतं, तर आम्ही भिऊन औषध बंदच केलं असतं.

"पुढे तिला मूल होणार नाही" असं मला तोंडावर सांगणाऱ्याही भेटल्या. तसं नाही. इंजेक्शन थांबवलं की साधारण वर्षभरात थांबलेलं वयात येणं पुन्हा मार्गी लागतं. दिरांना अंगातून वाफा येतात, हाडांसाठी कॅल्शियम घ्यावं लागतं, हेही खरं.

आपल्या आरोग्याच्या पानावर एखाद्या तज्ज्ञांकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं. आणि औषध विकणाऱ्या बंधूंना हात जोडून विनंती: शंका आली तर चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर असतो, आधी तो फिरवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर