सासू तिथेच बसली तर आकडा कमीच येणार

संपादक साहेब, स.न.वि.वि.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे-5 (2019-21) मध्ये नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती सोसलेल्या बायका कर्नाटकात 44 टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात 25, म्हणून लगेच खुश होऊ नका. नियम असा की एका घरात एकाच बाईला हे विचारायचं, तेही एकांतात, पण चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एकांत आणायचा कुठून? आमच्या शेजारी एक सर्व्हेवाली आलेली (कुठल्या सर्व्हेची देव जाणे) तर सासू तांदूळ निवडत तिथेच बसून राहिली, वहिनी म्हणाल्या तसं काही नाही हो, आणि पदराने मनगट झाकलं. शिवाय पन्नाशीपुढच्या बायका तर या मोजणीतच नाहीत, मार काय रिटायर होतो का?

– एक वाचक, मुंबई