कार्यक्रम संपल्यावर पुस्तक कुणाच्या हातात गेलं?

प्रिय मित्रा,

वाचनालयाच्या कार्यक्रमांची सगळी जबाबदारी मंडळाने तुझ्यावर टाकली हे वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! लगेच फोन करणार होतो, पण फोनवर एवढं सगळं मावणार नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय, लांबलं तर लांबलं.

तू वर्षभराचं वेळापत्रक पाठवलंस ते मी दोनदा वाचलं. लेखकांची व्याख्यानं, निबंध स्पर्धा, प्रदर्शन, चर्चा, वाईट काहीच नाही त्यात. पण एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही, ती म्हणजे कार्यक्रम संपल्यावर आलेला माणूस पुस्तक घेऊन घरी कसा जाणार? कारण होतं काय, व्याख्यानाला हॉल भरतो, टाळ्या पडतात, फोटो निघतात, आणि नेमका त्याच वेळी देवघेवीचा काउंटर बंद, कपाटांना कुलूप. हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय ना, जीव तुटतो. अरे जो माणूस आत्ता या मिनिटाला वाचायला तयार झालाय त्याला आपण सांगतो उद्या अकरानंतर या, आणि तो उद्या येत नाही.

म्हणून सगळ्यात आधी एवढं कर की कार्यक्रम चालू असेपर्यंत आणि संपल्यावर पाऊण एक तास तरी काउंटर उघडा ठेव. दारापाशी एक टेबल, त्यावर त्या वक्त्याची पुस्तकं तर हवीतच पण त्या विषयावरची इतरांचीही हवीत, पातळ पण हवीत जाड पण हवीत, आणि सभासद होण्याचा फॉर्म तिथेच, जागेवर भरून जागेवर पुस्तक हातात. बाकी सजावट, बॅनर वगैरे नसलं तरी चालेल.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, ते तुमच्या ग्रंथपालांना तोंडपाठ असतीलच. मूळचा गणिताचा माणूस, मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सगळा विषयच पाच छोट्या वाक्यांत बसवला. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवा आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. यातलं तिसरं वाक्य तू तुझ्या टेबलासमोर लिहून लाव असं मी म्हणेन. कपाटात वर्षानुवर्षं न हललेलं चांगलं पुस्तक बाहेर काढून योग्य माणसाच्या हातात देणं, हाच कार्यक्रम. व्याख्यान, स्पर्धा, प्रदर्शन या सगळ्या त्याच्या वाटा आहेत.

आता मुलांचं बोलतो, इथे मी जास्त वेळ घेणार आहे. तुझ्या वेळापत्रकात मुलांसाठी फक्त स्पर्धा आहेत. वक्तृत्व, निबंध, "सर्वात जास्त पुस्तकं कोण वाचतो". ही शेवटची तर कृपा करून काढूनच टाक. त्यात आधीच भराभर वाचणारी मुलं जिंकतात, हळू वाचणारं मूल पहिल्या आठवड्यातच बाद होतं आणि वाचन म्हणजे आपल्याला न जमणारी गोष्ट हे त्याच्या मनात पक्कं बसतं. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ते हेच मूल आहे रे! त्याऐवजी रोज थोडा वेळ वाचलं की तक्त्यावर एक रंग भरायचा, कुणी मोठ्याने वाचून दाखवलेलं ऐकलं तरी भरायचा, चित्रकथा वाचली तरी भरायचा, आणि शेवटी सगळ्यांना सारखंच काहीतरी द्यायचं, शक्यतो पुस्तकच.

गोष्टींचा तास मात्र दर आठवड्याला हवा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. महिन्यातून एकदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा हा छोटा तास शंभर पटीने कामाचा आहे, कारण मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना सवय लागते. लहान मुलं असतील तर वीस पंचवीस मिनिटं पुरे. जमिनीवर बसायचं, पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं, चित्र दिसलं पाहिजे सगळ्यांना, आणि मधेमधे थांबून विचारायचं, आता काय होईल रे, हा का रुसला असेल? मुलांनी तीच गोष्ट पुन्हा मागितली तर तीच पुन्हा वाचायची, कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही येत. तात्पर्य सांगायचं नाही. आईबाबांना बाहेर बाकावर बसवून ठेवू नकोस, आत घे, कारण घरी वाचून दाखवायचंय ते त्यांनी, आणि कसं वाचायचं ते बघितल्याशिवाय कळत नाही. आणि हो, तास संपला की प्रत्येक मुलाने आपल्या हाताने एक पुस्तक निवडून न्यायचं. आईला वाटेल हे फार सोपं आहे, फार अवघड आहे, फाडेल, तरी मुलानेच निवडायचं.

इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९९२ मध्ये ग्रंथालयाची माणसं आणि आरोग्यसेविका एकत्र आल्या आणि त्यांनी थेट तान्ह्या बाळांसाठी त्यांच्या आईबाबांच्या हातात पुस्तकं दिली, बोलता न येणाऱ्या बाळांसाठी! त्यातून केवढी मोठी चळवळ उभी राहिली. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत १९९९ पासून मुलं शिकवलेल्या कुत्र्यांना गोष्ट वाचून दाखवतात, कारण कुत्रा चुका काढत नाही, हसत नाही, घाई करत नाही. मला ही कल्पना फार म्हणजे फारच आवडते. तुम्हाला कुत्रा आणायला नाही जमणार कदाचित, पण चुका न काढता ऐकणारे आजीआजोबा तर सभासदांमध्येच आहेत की! अडखळत वाचणारं मूल आणि शांतपणे ऐकणारी एक आजी, एक कोपरा, दोन खुर्च्या. दोघांनाही त्याची गरज असते.

कॉलेजच्या वयाच्या मुलांना भाषण देऊ नका, अधिकार द्या. पुढच्या खरेदीच्या यादीतली काही पुस्तकं त्यांनी ठरवायची, एवढं एक केलंस तरी ती येतील.

मोठ्यांसाठी वाचकगट काढ. सिॲटलमध्ये १९९८ ला नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपालबाईंनी अख्ख्या शहराने एकच पुस्तक वाचायचं आणि त्यावर बोलायचं अशी कल्पना काढली आणि ती नंतर किती शहरांनी उचलली. ऐकायला सोपं वाटतं पण अडतं ते प्रतींवर. एका पुस्तकाची एकच प्रत असेल तर गट जमणार कसा, म्हणून आधी प्रती जमव, आसपासच्या वाचनालयांकडून उसन्या घे, नाहीतर एखादी कथा निवड जी तिथेच बसून वाचता येईल. आणि गटात ज्याने पुस्तक पुरं केलं नाही त्यालाही येऊ दे. पहिला प्रश्न "लेखकाला काय सांगायचंय" हा नको, सगळे शाळेत गेल्यासारखे गप्प होतात. कुठे थांबावंसं वाटलं, कुणाचा राग आला, असं विचार, मग बघ.

आता जे येतच नाहीत त्यांचं काय? मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून बडोदा संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, त्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या, लाकडी पेटीत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची, वाचून झाली की पेटी पुढे. केरळात पी. एन. पणिक्करांनी १९४५ मध्ये ४७ ग्रंथालयांना एकत्र आणून सुरुवात केली आणि "वाचा आणि वाढा" म्हणत गावागावात ती चळवळ नेली, आजही त्यांच्या स्मृतिदिनी, १९ जूनला, तिकडे वाचनदिन असतो. दोघांनीही वाचक आपल्या दारात येण्याची वाट बघितली नाही. तूही चार पेट्या कर ना. एक दवाखान्यात, एक वसतिगृहात, एक कारखान्याच्या कँटीनमध्ये, एक वृद्धाश्रमात (तिथे मोठ्या टायपातली पुस्तकं ठेव, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ऑडिओबुक). महिन्याला पेट्यांची अदलाबदल. कोणती पुस्तकं मळली, कोणती तशीच कोरी परत आली ते बघत जा, त्यावरून पुढची पेटी भरायची. काही हरवतील, हरवू देत. मंडळात कुणी कुरकुर केली तर पहिला सिद्धांत दाखव.

दंडाचंही बघ जरा. उशीर झाला, दंड वाढला, मग लाज वाटते म्हणून माणूस पुस्तकही परत करत नाही आणि स्वतःही फिरकत नाही. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंडच बंद केला, तर अडकून पडलेली पुस्तकं उलट जास्त परत यायला लागली. तुमच्या मंडळाला एकदम पटणार नाही, मान्य, पण निदान मुलांचा दंड तरी बंद करून घे, त्यासाठी भांडावं लागलं तरी भांड. लहान मुलाने पुस्तक उशिरा आणलं म्हणून त्याला काउंटरवर सगळ्यांसमोर बोलणं मला सहनच होत नाही.

अहवालात कार्यक्रमाला किती लोक आले हा आकडा मंडळ मागेलच, तो दे. पण सोबत स्वतःची एक वही ठेव. त्या दिवशी किती पुस्तकं बाहेर गेली, नवे सभासद किती झाले, त्यातले महिन्याभराने किती परत आले, आणि बऱ्याच काळाने हललेलं पुस्तक कोणतं. सहा महिन्यांनी ती वही मंडळापुढे ठेवलीस की पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आपोआप ठरेल, वाद घालायची गरज पडणार नाही.

सगळं एकदम करू नकोस पण, दमशील. मला विचारशील तर गोष्टींचा तास आणि उघडा काउंटर एवढ्या दोनच गोष्टींनी सुरू कर, पेट्या नंतर. गोष्टींच्या तासासाठी तुमच्या बालविभागात कुठली पुस्तकं आहेत त्याची यादी मला पाठव, पहिल्या काही आठवड्यांना कोणती घ्यायची ते आपण दोघं बसून ठरवू, आणि मोठ्याने वाचायला तुमच्याकडे कोण कोण तयार आहे तेही कळव.

तुझाच,
मित्र