समुद्रकाठच्या त्या जुन्या हॉटेलातल्या माणसांना

आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि रस्ता केव्हाच संपला होता. कंदील घेऊन वाळूतून आम्हाला न्यायला आलेल्या दोघांचे आभार मानायचे राहूनच गेले. नावंही विचारली नाहीत, याची अजून चुटपुट लागते.

खाऱ्या हवेनं खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, दमटपणानं दारं फुगून चौकटीत अडकायची. रोज सकाळी कुणीतरी येऊन तेल घालून जायचं.

आईला पाण्यात पाय सोडून बसायची फार हौस. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हे आम्हाला कुठे ठाऊक! तुमच्यातल्या एक काकू न विसरता नवी वेळ सांगायच्या, खुर्ची खडकाआड नेऊन ठेवायच्या. अमावास्येच्या उधाणाला तर त्यांनी आईला हात धरून मागे आणलं. आई आता नाही. त्या खुर्चीतला तिचा एक फोटो आहे, ओल्या पायांचा, हसरा. तो तुमच्यामुळे आहे.

आणि लाटांच्या आवाजानं घाबरलेल्या माझ्या धाकटीला रात्री जिन्यावर बसून गोष्ट सांगणारे आजोबा, तुम्हालाही मनापासून धन्यवाद.