नवी छोटी की जुनी मोठी?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: एवढ्याच पैशात कोरी करकरीत छोटी गाडी येते, किंवा सात वर्षं वापरलेली सव्वापाच मीटरची आलिशान सेडान, तर कुठली घेऊ? या ओळीतला 'एवढ्याच पैशात' हा भाग फसवा आहे. सेडान सात वर्षांत उतरली, तिचे सुटे भाग उतरले नाहीत. तिचा हेडलाइट, ब्रेकची डिस्क, सस्पेन्शनचा कंप्रेसर आजही त्याच भावाला मिळतो ज्या भावाला पहिल्या मालकाला मिळाला असता. म्हणजे घेताना तू जुन्या गाडीचे पैसे मोजणार आणि सांभाळताना नव्या गाडीचे.

पण आधी टेप घे आणि पार्किंगमध्ये जा. मर्सिडीज एस-क्लास, बीएमडब्ल्यू ७ सिरीज, ऑडी ए८ यांची लांब आवृत्ती ५.२ ते ५.३ मीटर असते, रुंदी आरसे सोडून १.९ मीटर आणि आरसे धरून २.१ च्या आसपास. पार्किंगची जागा ५ मीटर बाय २.५ मीटर असली, तर नाक पाव मीटर बाहेर राहणार आणि दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटर उरणार. तीस सेंटिमीटरात दार उघडून माणूस बाहेर येत नाही. त्यातून लांब गाडीचं मागचं दारही लांब, त्याला जागा आणखी जास्त लागते. छोटी गाडी ३.७ ते ४ मीटर लांब, १.७ मीटर रुंद. तिथे चाळीस-चाळीस सेंटिमीटर मिळतात आणि मागे डिकी उघडायलाही जागा राहते. खांब असेल तर तो दाराच्या रेषेत येतो का तेवढं बघ. बराच वाद तिथेच मिटतो.

दुसरं माप उताराचं. मोठ्या सेडानचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३.१ ते ३.२ मीटर, आणि पोट जमिनीपासून जेमतेम १३ सेंटिमीटर वर. असा लांब पूल उंचवट्यावरून गेला की मधोमध टेकतो. हिशेब केला तर साधारण ९ अंशांचा उंचवटा तिला पुरे होतो. छोटीचा व्हीलबेस २.४५ मीटर आणि पोट १६-१७ सेंटिमीटरवर, म्हणून ती १५ अंशांपर्यंत सुटते. तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प जिथे सपाट जमिनीला मिळतो तिथली धार आणि रोजच्या वाटेवरचे गतिरोधक या नजरेने एकदा बघून घे. एअर सस्पेन्शनमध्ये, म्हणजे गाडी हवेच्या पिशव्यांवर तोलणाऱ्या रचनेत, गाडी उचलायचं बटण असतं हे खरं, पण रोज दोनदा ते दाबायची वेळ आली तर हवा भरणाऱ्या कंप्रेसरचं आयुष्य त्यातच जातं.

आता पेट्रोल. यात एक गंमत आहे. शहरात गाडी दर सिग्नलला वेग घेते आणि तो ब्रेकमध्ये जाळून टाकते. ताशी ६० किलोमीटरवर १,००० किलोच्या गाडीत १३९ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते, २,१०० किलोच्या गाडीत २९२. प्रत्येक थांब्याला तेवढी वाया. महामार्गावर मात्र वजनापेक्षा हवा महत्त्वाची, आणि हवेच्या बाबतीत मोठी सेडान छोटीपेक्षा हलकी पडते. छोटीचा हवेचा गुणांक (गाडीच्या आकाराला हवा किती अडवते तो आकडा) साधारण ०.३१ आणि समोरून क्षेत्रफळ २.१५ चौरस मीटर, गुणाकार ०.६७; हा जितका कमी तितका हवेचा अडथळा कमी. चांगल्या मोठ्या सेडानचा गुणांक ०.२४ आणि क्षेत्रफळ अडीच, गुणाकार ०.६०. आखूड गाडीची शेपूट उभी कापलेली असते, तिच्या मागे हवा भोवरे करते आणि गाडीला मागे ओढते. लांब गाडीची पाठ हळूहळू उतरते म्हणून हवा चिकटून जाते. त्यामुळे शहरात छोटीचं ॲव्हरेज १५ आणि मोठीचं साडेसात असेल, तर महामार्गावर २० विरुद्ध १२-१३, म्हणजे दुपटीचा फरक दीडपटीच्या जवळ येतो. तुझं रोजचं ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस धरले, तर ७५० किलोमीटरला छोटी ५० लिटर पिणार आणि मोठी १००.

मोठीची बाजूही नीट सांगतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. लांब व्हीलबेसमुळे गाडी डुलत नाही. पुढचं चाक खड्ड्यात गेलं तरी मागचं त्यापासून इतकं दूर असतं की नाक-शेपटीचा झोका बसत नाही. काचा दुपदरी, दारांना तिहेरी रबर, फरशीखाली जाड आवरण. त्यामुळे ताशी १०० वर छोटीत जो सततचा घुमारा असतो तो तिच्यात निम्म्याने जाणवतो. चारशे किलोमीटर चालवून उतरल्यावर पाठ आणि कान दोन्ही शाबूत राहतात. मागच्या सीटवर बसणारी दोन वयस्कर माणसं असतील तर हे सुख छोटी गाडी कधीच देणार नाही. मात्र 'पाच जण ऐसपैस' हे तिच्यातही खरं नाही. मधून गिअरबॉक्स आणि शाफ्टचा उंच बोगदा जातो, मधल्या माणसाला पाय दोन्हीकडे फाकवून बसावं लागतं. आणि डिकी ५०० लिटरची असली तरी मागची सीट बऱ्याचदा पडत नाही, तोंड अरुंद असतं. लांबट खोकं २८० लिटरच्या छोट्या डिकीत सीट पाडून जातं, मोठीत अडकतं.

सुरक्षेबद्दल तू 'मोठी म्हणजे सुरक्षित' लिहिलंस. अर्ध खरं आहे. १,००० आणि २,००० किलोच्या दोन गाड्या समोरासमोर ताशी ५० ने धडकल्या तर दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ ने सरकतात. म्हणजे जड गाडीतल्या माणसाचा वेग ३३ ने बदलतो, हलक्या गाडीतल्याचा ६७ ने. हा फरक मोठा आहे. युरो एनकॅप, म्हणजे युरोपात नव्या गाड्यांच्या धडक चाचण्या घेणारी संस्था, तिचे तारेही म्हणूनच समोरच्या धडकेच्या बाबतीत एकाच वजनगटात ताडून बघायचे असतात. छोटीचे पाच आणि मोठीचे पाच एक नव्हेत. पण झाडावर किंवा भिंतीवर धडकताना वजन कामाला येत नाही, गाडीचा सांगाडा कामाला येतो. थांबायचं अंतर तर वजनावर नाहीच, ते टायरवर ठरतं. नव्या टायरची छोटी गाडी कडक झालेल्या टायरवरच्या मोठ्या गाडीच्या आधी थांबेल. छोटी घेतलीस तर किमान सहा एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण (गाडी घसरू लागली की तिला सावरणारी यंत्रणा) असलेलीच आवृत्ती घे, मग सनरूफ आणि मोठा पडदा सोडावा लागला तरी चालेल.

आता मोठीतलं खरं दुखणं: एअर सस्पेन्शन. स्टीलच्या स्प्रिंगऐवजी प्रत्येक चाकावर रबराची हवा भरलेली पिशवी असते. सहा ते दहा वर्षांत रबराला घड्यांवर चिरा जातात आणि हवा हळूहळू झिरपते. गाडी तरीही वर दिसते, कारण कंप्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होऊन हवा भरत राहतो. तो थोडा वेळ चालण्यासाठी बनलेला असतो. सारखा चालला की तापतो, आतला हवा वाळवणारा डबा ओला होतो, ते पाणी व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात (कुठल्या पिशवीत हवा जायची ते ठरवणारा भाग) जाऊन तो गंजतो आणि एक दिवस कंप्रेसर जळतो. गॅरेजवाला कंप्रेसर बदलून देतो, मूळ पिशवी तशीच राहते, आणि नवा कंप्रेसरही त्याच वाटेने जातो. म्हणून बदलायचं असेल तर गळकी पिशवी आधी, मग कंप्रेसर, रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच) आणि ड्रायर (तो हवा वाळवणारा डबा) एकत्र.

हे घेण्याआधी ओळखता येतं. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत चारही ठिकाणी माप घे आणि लिहून ठेव. बारा तासांनी, इंजिन सुरू न करता, पुन्हा माप. एक कोपरा बसला असेल तर त्याची पिशवी किंवा नळी. एका बाजूची किंवा एका ॲक्सलची, म्हणजे पुढची किंवा मागची, दोन्ही चाकं बसली असतील तर व्हॉल्व्हचा ठोकळा संशयित. मालक 'गाडी गरम करून ठेवली आहे' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी ये म्हणून सांग. थंड इंजिन तुझ्यासमोरच सुरू झालं पाहिजे. पहिल्या दोन सेकंदांत साखळीचा खडखडाट आला तर टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर बहुधा सैल आहे, आणि अनेक इंजिनांत ती साखळी गिअरबॉक्सच्या बाजूला असते, म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही.

मग गालिचे. पुढच्या पायाखालचा गालिचा तळहाताने जोरात दाब, दोन्ही बाजूंना. ओल लागली किंवा कुबट वास आला तर बहुधा सनरूफच्या नळ्या तुंबल्या आहेत. सनरूफच्या चार कोपऱ्यांतून नळ्या खांबांमधून खाली येतात. त्यात पानं-माती अडकली की पाणी छतातून आत उतरतं. बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिक डबे नेमके त्या गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी बसवलेले असतात. तिथे पाणी शिरलं की दिवे, सीट, बटणं असे एकमेकांशी संबंध नसलेले बिघाड उगवतात आणि कोणालाच मूळ सापडत नाही. चाचणी सोपी: कोपऱ्यातल्या भोकात थोडं पाणी ओत आणि चाकामागून थेंब पडतात का बघ. अशी गाडी ओली निघाली तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी घेऊ नकोस. यात मला अजिबात शंका नाही.

गिअरबॉक्सचं एक. 'याचं तेल आयुष्यभराचं' असं सांगणारे भेटतील. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक अनेक मोठ्या गाड्यांत आहे, आणि झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. फिल्टर तेलाच्या प्लास्टिकच्या तळभांड्यातच बसवलेला असतो, म्हणून भांडंच नवं घालावं लागतं. नोंदवहीत हे काम दिसलं नाही तर तो खर्च किमतीतून वजा कर. बॅटरीही तशीच: ८० ते १०५ ॲम्पिअर-तासांची आणि बऱ्याच गाड्यांत बदलल्यावर गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते. नोंद न केल्यास गाडी नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करते आणि ती लवकर मरते. मागचे ब्रेकपॅडही नुसते पाना घेऊन बदलता येत नाहीत. हँडब्रेक विजेवर चालतो, तो आधी संगणकातून दुरुस्तीच्या स्थितीत न्यावा लागतो. ब्रेकचा पिस्टन जबरदस्तीने दाबला तर हँडब्रेकच्या विजेच्या मोटरचे दाते तुटू शकतात. कोपऱ्यावरचं गॅरेज या गाडीला पुरत नाही, त्याचं कारण अशा गोष्टी.

टायर बघताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. नक्षी खोल असली तरी सहा वर्षं उलटलेला टायर मी नवा लागणार असंच धरतो. मोठीत अनेकदा पुढे २४५ आणि मागे २७५ मिलिमीटर अशी वेगवेगळी रुंदी असते, त्यामुळे पुढचे मागे फिरवून झीज वाटून घेता येत नाही. बऱ्याचदा स्टेपनीच नसते, रनफ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, पण पंक्चर काढून पुन्हा वापरायचा भरवसा नसतो. इंजिन ऑइल छोटीत साडेतीन लिटर, मोठीत साडेसहा ते साडेआठ. पुढच्या सस्पेन्शनमध्ये छोटीला प्रत्येक बाजूला एक खालची आर्म (चाक धरणारा दांडा), दोन बुश (रबरी कड्या) आणि एक बॉल जॉइंट (फिरता सांधा). मोठीत आर्म दोन ते चार. आवाज आला की एक बदलून भागत नाही, दोन्ही बाजूंचा संच जातो.

छोटीला दोष नाहीत असं नाही. एएमटी, म्हणजे क्लच स्वतः दाबणारा यांत्रिक गिअरबॉक्स असेल, तर चढावर रांगेत ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नकोस, ब्रेक दाब. नाहीतर क्लच प्लेट काही हजार किलोमीटरांतच खलास होते. काही छोट्या टर्बो इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलात बुडून चालतो. चुकीच्या दर्जाचं ऑइल पडलं की त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिन कोरडं पडतं. घेण्याआधी बेल्ट आहे की चेन हे विचार, आणि पुस्तकात लिहिलेलं ऑइल नेमकं तेच घाल. बाकी ८०-९० अश्वशक्तीत पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन घाट चढताना दुसऱ्या गिअरवर यावं लागेल. त्याने बिघडत काही नाही, फक्त ओव्हरटेक करताना जागा जास्त सोड.

तुझ्यासाठी माझं मत: घरात एकच गाडी, रोजचा प्रवास शहरातला, पार्किंग पाच मीटरचं, तर नवी छोटी. मोठी तेव्हाच घे जेव्हा महिन्यातून दोन-तीन लांबचे प्रवास असतील, मागे बसणारी माणसं आहेत म्हणून घेतोयस, आणि खरेदीच्या किमतीच्या किमान पाचवा हिस्सा पहिल्याच वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवता येईल. तेवढा उरत नसेल तर ती परवडत नाही, विकणारा काहीही म्हणो. आणि तिसरी वाट तू बघितलीच नाहीस: एक-दोन पायऱ्या खालची, पावणेपाच मीटरची, साध्या स्टील स्प्रिंगची सेडान. शांतता छोटीपेक्षा जास्त, एअर सस्पेन्शनचा ताप शून्य.

सेडान बघायला जाशील तेव्हा चारही चाकांची दोन्ही वेळची मापं, टायरवरचे चार-चार आकडे आणि नोंदवहीच्या पानांचे फोटो पाठव. पार्किंगचं माप मात्र त्याच्या आधी, आजच.

तुझा,
विनय