टीव्ही अडकतोय म्हणून मोठा प्लॅन घेऊ नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी इचलकरंजीत पंधरा वर्षं केबलची कामं केली, आता फायबरच्या जोडण्या करतो. रोज पाच-सहा घरांत जाणं होतं आणि निम्म्या घरांत तेच ऐकायला मिळतं, "टीव्हीवर गोल गोल फिरत बसतंय, मोठा प्लॅन टाकून दे." ह्यापायी लोकांचा किती पैसा वाया जातोय ते रोज डोळ्यानं बघतोय म्हणून हे पत्र लिहितोय.

मागच्या महिन्यात एका मावशींच्या घरी गेलो होतो. काका रिटायर, मुलगा पुण्याला नोकरीला, त्यानं तिथूनच ४० एमबीपीएसचा (एमबीपीएस म्हणजे नेटच्या स्पीडचं माप) प्लॅन १५० चा करून दिलेला, तरी सिरीयल लागली की पाच मिनिटांत गोल चक्र सुरू. राउटर कुठाय म्हणून बघितलं तर आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागं, धूळ बसू नये म्हणून वर विणलेला रुमाल टाकलेला. टीव्ही सोप्यात आणि मधे दोन जुन्या जाड दगडी भिंती. राउटरजवळ मोबाईलवर स्पीड चेक केला तर १४० च्या वर, टीव्हीजवळ ४, तो पण खालीवर. मी राउटरपासून दहा-बारा मीटर लॅनची (नेटची) वायर भिंतीकडेनं ओढली आणि टीव्हीच्या मागं खोचली, बास. मावशींनी अख्खा एपिसोड बघितला, मी चहा घेत तिथंच बसलो होतो, एकदाही अडकलं नाही. मग मुलाला फोन लावला आणि सांगितलं की परत ४० चाच प्लॅन ठेव, उगाच जास्तीचे भरू नकोस.

साहेब, प्लॅनचा स्पीड घराच्या दारापर्यंत येतो, तिथनं टीव्हीपर्यंत तो पोचवायचं काम वायफायचं असतं आणि वायफायला भिंत, लोखंड, आरसा काही चालत नाही. त्यात राउटरवर दोन नावं दिसतात, एक २.४ चं आणि एक ५ चं, ५ वालं फास्ट असतं पण भिंतीपलीकडं लगेच दमतं, २.४ वालं लांब जातं पण शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच्यावरच गर्दी करून असतात. आणि लागतो किती स्पीड? नेटफ्लिक्सवालेच सांगतात की फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि त्याहून स्पष्ट फोरके चित्राला १५ पुरतात. म्हणजे ४० च्या प्लॅनमध्ये दोन टीव्ही आणि पोरांचे मोबाईल आरामात चालतात. शिवाय बऱ्याच टीव्हींचं लॅनचं पोर्टच १०० चं असतं, ३०० चा प्लॅन घेतला तरी वायरनं त्या टीव्हीला १०० च्या वर काही मिळणार नाही.

दुसरी भीती डेटा संपायची. "रात्रभर टीव्ही चालू राहिला, आता बिल येईल का?" असं एका आजोबांनी अगदी घाबरून विचारलं होतं. एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातात. फायबरच्या अनलिमिटेड प्लॅनला पण मर्यादा असते, बऱ्याच कंपन्यांची ती महिन्याला ३३०० जीबी आहे, ती संपली की वेगळं बिल येत नाही, स्पीड कमी होतो. पण एक टीव्ही महिनाभर दिवसरात्र एचडीत चालवला तरी २१६० जीबीच होतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी, रोजचे दीड जीबी तिथं अर्ध्या तासात उडतात.

मॅचच्या वेळी तर फोन थांबत नाहीत. शेजारी डिशवर विकेट पडल्यावर ओरडतात आणि आपल्याकडं बॉलर अजून पळतच येतोय, म्हणजे नेट खराब, असं लोकांना वाटतं. तसं नाही. नेटवर चित्र काही काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, टीव्ही ते थोडे साठवून मग दाखवतो, त्यात वीस-तीस सेकंद मागं पडायला होतंच. कितीही मोठा प्लॅन घ्या, तो उशीर जाणार नाही.

स्मार्ट टीव्ही आणला म्हणजे डिश-केबल काढायलाच पाहिजे हा पण गैरसमजच. दोन्ही एकाच टीव्हीवर चालतं. ज्यांना बातम्या, सह्याद्री आणि जुने पिक्चर एवढंच बघायचंय त्यांना दूरदर्शनची फ्री डिश आहे, २००४ पासून चालू आहे, छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याला एक रुपया नाही. आमच्या धंद्याला हे परवडणारं नाही तरी मी सांगतो, कारण पेन्शनीत भागवणाऱ्या माणसाला हे माहिती असायला पाहिजे.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे पेन हातात घेतलं ते. ॲप चालू करायला टीव्हीवर एक कोड येतो, तो मोबाईलवर टाकायचा असतो. तो घेईना म्हणून माझ्या एका गिऱ्हाईकानं गुगलवर कस्टमर केअर शोधलं, वर आला तो नंबर लावला. पलीकडचा गोड बोलला, मोबाईलची स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावलं आणि 'चेक करायला फक्त दहा रुपये पाठवा' म्हणाला. दहा मिनिटांत ४८ हजार गेले. बाई शिलाईकाम करतात हो, लेकीच्या फीचे पैसे होते. मला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, लाज वाटली म्हणे. तो कोड टाकायला पैसे लागत नाहीत, स्क्रीन दाखवायला लागत नाही आणि नंबर शोधायचाच तर त्या ॲपच्या आतच हेल्पमध्ये शोधायचा. तरी फसलात तर लाजू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा, जेवढा लवकर लावाल तेवढी पैसे अडवायची शक्यता जास्त.

माझं पत्र मोठं झालं असेल तर बाकीचं कापा, पण तो १९३० नंबर मात्र ठळक छापा साहेब, आमच्या भागात बरीच म्हातारी माणसं पेपर भिंग लावून वाचतात.

आपला,
एक केबल-फायबरवाला, इचलकरंजी