मैदान साफ झालं, पुढे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पत्त्यांच्या खेळांवर पान होतं. यु-गि-ओसारख्या, मॉन्स्टरच्या पत्त्यांनी खेळायच्या खेळाला मराठी दैनिकात एवढी जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. तरीही हे पत्र तक्रारीचं आहे. त्या पानावर ‘जजमेंट ड्रॅगन’चं मोठं चित्र होतं आणि खाली दोन ओळी: हा पत्ता पडला की समोरच्याचं मैदान साफ आणि डाव खिशात. त्या वाचून माझ्या दहा वर्षांच्या भाच्याने वर्गातल्या मुलाला आपले आठ पत्ते देऊन तिसरा जजमेंट ड्रॅगन घेतला. दिलेल्या आठांत एक ‘ऑनेस्ट’ होता. हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. ऑनेस्ट हा हातात लपवून ठेवायचा पत्ता आहे. लढाई सुरू झाली की तो टाकायचा आणि समोरच्या मॉन्स्टरची सगळी ताकद आपल्या प्रकाश-गुणाच्या मॉन्स्टरच्या ताकदीत मिळवायची. त्याच्या डेकमधला, म्हणजे खेळायच्या गड्डीतला, तो सगळ्यात भरवशाचा पत्ता होता.

मी तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते. शाळेत असताना दादा आणि मी शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून या पत्त्यांची पाकिटं घ्यायचो. सगळे नकली. मजकूर इतका बारीक आणि फिस्कटलेला छापलेला असायचा, की कुणी तो वाचतच नसे. अटॅकचा आकडा ज्याचा मोठा, त्याने दुसऱ्याचा पत्ता घ्यायचा, एवढाच आमचा खेळ. २००८ साली जजमेंट ड्रॅगन निघाला तेव्हा मी कॉलेजात होते. हॉस्टेलवरच्या मैत्रिणीकडे खरे पत्ते होते. पत्त्यावरचा मजकूर वाचून खेळायला मी तिच्यामुळे शिकले. तुमच्या पानावर नेमका तो मजकूरच नव्हता.

तो थोडक्यात असा आहे. अटॅक ३०००, डिफेन्स २६००. हा ड्रॅगन नेहमीसारखा मैदानात उतरवता येत नाही. आपल्या ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात, वेगवेगळ्या नावांचे किमान चार ‘लाइटस्वॉर्न’ नावाच्या गटातले मॉन्स्टर असतील तरच तो हातातून उतरतो. उतरल्यावर १००० लाइफ पॉइंट (हे संपले की माणूस हरतो) मोजून मैदानावरचे बाकीचे सगळे पत्ते नष्ट करता येतात. आणि आपल्या प्रत्येक पाळीच्या शेवटी आपल्याच डेकवरचे चार पत्ते ग्रेव्हयार्डमध्ये जातात.

‘बाकीचे सगळे’ हे शब्द नीट वाचायला हवेत. त्यात आपले पत्तेही आले.

परवा जेवणं झाल्यावर सतरंजी टाकून आम्ही दोघं बसलो. खेळ रंगला होता. एकदम भाचा ओरडला, “आत्या, जजमेंट ड्रॅगन!” मी म्हटलं, आधी ढीग पसर. त्याने पसरला. लाइटस्वॉर्न चार होते खरे: ल्युमिना, लायला, जेन आणि पुन्हा ल्युमिना. पत्ते चार, नावं तीन. त्याने दोन्ही ल्युमिना शेजारी ठेवून एकदा बघितल्या आणि ड्रॅगन मुकाट्याने हातात परत घेतला. पुढच्या पाळीला त्याने ‘सोलर रिचार्ज’ खेळताना हातातला एरेनचा पत्ता टाकला. चौथं नाव झालं, शिवाय ओढायला दोन नवे पत्ते मिळाले. त्यांत गॅरोथ निघाला, अटॅक १८५०. त्याने आनंदाने आधी गॅरोथ उतरवला, मग ड्रॅगन, मग १००० पॉइंट मोजून सफाई केली. माझे दोन मॉन्स्टर गेले, उलटा ठेवलेला ‘मिरर फोर्स’ वाया गेला आणि त्याचा गॅरोथही गेला. माझे ४५०० पॉइंट शिल्लक होते. एकट्या ड्रॅगनच्या हल्ल्याने १५०० वर आले.

त्याने तेच पत्ते उलट क्रमाने खेळले असते, आधी ड्रॅगन, मग सफाई, मग रिकाम्या मैदानात गॅरोथ, तर ३००० आणि १८५० मिळून ४८५० झाले असते आणि मी तिथेच हरले असते.

पाळीच्या शेवटी त्याच्या डेकचे चार पत्ते गेले, चौदाचे दहा राहिले. माझी पाळी आली. माझं मैदान रिकामं होतं, पण हातातले पत्ते शाबूत होते. त्यांत एक साधा ‘स्मॅशिंग ग्राउंड’ होता, समोरचा सगळ्यात जास्त डिफेन्सचा मॉन्स्टर नष्ट करणारा. ज्या ड्रॅगनसाठी आठ पत्ते गेले होते, तो कुणीही सहज देऊन टाकेल अशा एका पत्त्याने गेला. मग मी जेमिनी एल्फ उतरवली आणि तीन हल्ल्यांत डाव संपवला.

मैदान साफ करणाऱ्या मोठ्या मॉन्स्टरची पारख किती नष्ट केलं यावर होत नाही. साफ झाल्यावर आपल्याकडे काय उरलं आणि समोरच्याच्या हातात काय उरलं, ते बघायचं. जजमेंट ड्रॅगन मैदान पुसतो, हात पुसत नाही. आणि स्वतःच्या बचावाचं त्याच्याकडे काहीही नाही. ‘ब्लॅक रोझ ड्रॅगन’ही उतरताना सगळं मैदान नष्ट करतो आणि त्यासाठी पॉइंट मोजावे लागत नाहीत. पण त्या सफाईत तो स्वतःही जातो. हरणाऱ्याला तो श्वास घ्यायला वेळ देतो, डाव जिंकून देत नाही. जजमेंट ड्रॅगन सफाईनंतर ३००० चा अटॅक घेऊन उभा राहतो, ही त्याची खरी किंमत.

आणखी एक गोष्ट तुमच्या पानात यायला हवी होती. त्याची अट ग्रेव्हयार्डमध्ये पत्ते असण्याची आहे, ते खर्च करण्याची नाही. एक ड्रॅगन उतरवून मैदान साफ केलं की त्याच चार नावांवर दुसराही उतरतो. दोघांचे ६०००. त्याच पाळीत डेकमधून ‘वुल्फ’ हा लाइटस्वॉर्न मॉन्स्टर ढिगात पडला, तर तो आपण होऊन मैदानात येतो, त्याचे २१००. एकूण ८१००. या खेळात प्रत्येकाला सुरुवातीला ८००० पॉइंट असतात. म्हणजे समोरच्याला एक ओरखडाही न पडलेला डाव एका पाळीत संपू शकतो. कॉलेजात मी अशी एकदा हरले आहे. मैत्रिणीने वुल्फ ठेवला तेव्हा मी हातातले पत्ते आधीच खाली ठेवले होते.

मग तिसरा ड्रॅगन घेतला त्यात चुकलं काय, असं भाच्याने विचारलं. मी त्याच्यासोबत वहीत गणित मांडलं. डेक चाळीस पत्त्यांचा, सुरुवातीला हातात पाच. डेकमध्ये तीन ड्रॅगन असतील तर पहिल्या हातातच किमान एक येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के. दोन असतील तर २४ टक्के. पहिल्या हातात ग्रेव्हयार्ड रिकामं असतं, म्हणजे दर तीन डावांतल्या एका डावात पाचांतला एक पत्ता आपण नुसता धरून बसणार. मेंढीकोटात हुकमाचा एक्का पहिल्याच हाती आला तर सगळे खूश होतात, इथे तसं नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरं, की या डेकमध्ये पत्ते भराभर ढिगात जातात, ढिगात पडलेला जजमेंट ड्रॅगन तिथून थेट उतरवता येत नाही, आणि दोनच ठेवले तर दोन्ही ढिगात जायची भीती राहते. म्हणून दादा तीन ठेवायचा, मी दोन ठेवते. या वादाला पंधरा वर्षं झाली. पण ऑनेस्ट देऊन तिसरा घ्यावा असं दादाही म्हणणार नाही.

हात पुसणारा मॉन्स्टर कसा असतो हे बघायचं तर ‘केऑस एम्परर ड्रॅगन’ बघावा. त्याचाही अटॅक ३०००. ग्रेव्हयार्डमधला एक प्रकाशाचा आणि एक अंधाराचा मॉन्स्टर खेळातून कायमचा बाजूला केला की तो उतरतो. १००० पॉइंट मोजले की दोघांच्या हातातले आणि मैदानावरचे सगळे पत्ते ग्रेव्हयार्डमध्ये जातात, आणि मूळ मजकुराप्रमाणे गेलेल्या प्रत्येक पत्त्यामागे समोरच्याला ३०० चा फटका बसायचा. ड्रॅगन स्वतःही जातो. पण खेळाडूने आधी ‘सांगान’ मैदानात ठेवलेला असे. तो ग्रेव्हयार्डमध्ये गेला की डेकमधून कमी अटॅकचा एक मॉन्स्टर हातात आणतो, आणि तो मॉन्स्टर असे ‘यातागारासू’. अटॅक फक्त २००. त्याचा हल्ला लागला की समोरच्याला पुढच्या पाळीला पत्ता ओढता येत नाही. हातात काही नाही, मैदानात काही नाही, आणि ओढायचंही नाही. या छोट्या कावळ्याने दर पाळीला २०० पॉइंट काढत डाव संपवायचा. केऑस एम्परर ड्रॅगन इंग्रजीत २००४ साली आला आणि त्याच वर्षी बंदी यादीत गेला. यातागारासूही त्याच यादीत होता. ड्रॅगनची बंदी पुढे बऱ्याच वर्षांनी उठली, पण मजकूर बदलून: ज्या पाळीत तो ही सफाई करेल, त्या पाळीत आपल्याला पत्त्यांवर लिहिलेला दुसरा कुठलाही परिणाम वापरता येत नाही. ३००० चा आकडा कुणी बदलला नाही, कारण गडबड आकड्यात नव्हतीच.

आताच्या मुलांकडे २०२० साली आलेला ‘झ्यूस’ असतो. तो एक्स्ट्रा डेकमध्ये, म्हणजे मुख्य डेकपासून वेगळ्या ठेवलेल्या गड्डीत राहतो, म्हणून पहिल्या हातात अडकायचा प्रश्नच नाही. तो पत्ते ‘नष्ट’ करत नाही, ग्रेव्हयार्डमध्ये ‘पाठवतो’. एका शब्दाचा फरक आहे, पण ‘नष्ट होत नाही’ असं लिहिलेला मॉन्स्टरही त्याच्यापुढे जातो. ‘स्टारडस्ट ड्रॅगन’ स्वतःचा बळी देऊन नष्ट करणारे परिणाम अडवतो. जजमेंट ड्रॅगनला त्याने अडवलेलं मी कितीदा पाहिलंय. झ्यूसला तो अडवू शकत नाही. शिवाय झ्यूस ही सफाई समोरच्याच्या पाळीतही करू शकतो. मुलांनी असे शब्द वाचायला शिकावं म्हणून मी एवढं लांबण लावलं आहे.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. त्या चित्राखालची दुरुस्ती छापावी: जजमेंट ड्रॅगन स्वतःखेरीज दोन्ही बाजूंचे सगळे पत्ते नष्ट करतो. आणि पुढच्या वेळी अशा पत्त्याचं चित्र छापाल तेव्हा चित्र थोडं लहान करा, पण त्यावरचा पूर्ण मजकूर मराठीत द्या. भाषांतराला माणूस लागला तर मी करून देईन, मोबदला नको.

भाच्याने काल तिसरा ड्रॅगन शाळेत परत नेला. त्या मुलाने आठांतले पाच पत्ते दिले. ऑनेस्ट मात्र अजून त्याच्याकडेच आहे, तो द्यायला तो तयार नाही.

आपली,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)